गॅलाशील्सची गाडी आणि आपली शकुंतला

प्रिय दिन्या,

तू विचारलं होतंस ना, की तिकडे स्कॉटलंडमध्ये बंद पडलेली रेल्वे परत सुरू झाली म्हणतात, तर त्या गावाचं खरंच भलं झालं का, आपली शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज (अरुंद रुळांची) गाडी, ब्रॉडगेज करा म्हणून आपण देणार त्या निवेदनात टाकायला काही मिळेल का. फोनवर सांगितलं असतं, पण समितीच्या मंडळींना वाचून दाखवता यावं म्हणून लिहूनच पाठवतोय, लांबेल, सवडीने वाच.

एडिनबरापासून दक्षिणेला तासाभरावर गॅलाशील्स म्हणून गाव आहे, इथले लोक नुसतं गाला म्हणतात. वस्ती आपल्या अचलपूरच्या पासंगालाही पुरणार नाही, बारा-पंधरा हजार असेल. पण जात आपलीच बघ, गिरण्यांचं गाव, आपल्याकडे कापूस तसं यांच्याकडे लोकर, ट्वीडचं कापड इथून जगभर जायचं. 1963 साली बीचिंग नावाच्या रेल्वेच्या चेअरमनने तोट्यातल्या लाईनी बंद करायचा रिपोर्ट दिला, त्यात हीपण सापडली. 5 जानेवारी 1969 च्या रात्री शेवटची गाडी निघाली आणि पुढे न्यूकॅसलटन नावाच्या खेड्यात लोकांनी फाटक लावून गाडीच अडवली. पुढे कोण, तर गावच्या चर्चचे पाद्री! पोलिसांनी त्यांना धरून नेलं, इथले तरुण खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीत होते, त्यांनी मध्यस्थी केली, पाद्रीबुवा सुटले तेव्हा कुठे गाडी हलली. तरी लाईन बंदच झाली. रूळ उपटले, पूल काढले, काही ठिकाणी लाईनच्या जागेवर बांधकामं झाली.

मग 1999 मध्ये लोकांनी पुन्हा मोहीम उभी केली, सह्या गोळा केल्या, 2006 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटमध्ये कायदा झाला आणि 6 सप्टेंबर 2015 ला एडिनबरा ते गालाच्या पुढचं ट्वीडबँक स्टेशन अशी गाडी सुरू झाली. साधारण 48 किलोमीटर लाईन नव्याने टाकली, खर्च 29 कोटी 40 लाख पौंड. म्हणजे 46 वर्षं गाव बिनरेल्वेचं होतं, एक अख्खी पिढी रेल्वे न बघता म्हातारी झाली. पहिल्याच वर्षी दहा लाखांच्या वर प्रवासी झाले. गाला आणि ट्वीडबँकला तर अंदाजापेक्षा कितीतरी पट लोक आले, ट्वीडबँकचं पार्किंग कमी पडायला लागलं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे पण साहेब लोक ‘सर्व्हेप्रमाणे प्रवासी नाहीत’ म्हणून फाईल बाजूला ठेवतात, तर अंदाज किती चुकू शकतात याचं हे उदाहरण निवेदनात घालाच.

पण दिन्या, मला मुख्य सांगायचंय ते पुढचं. नुसती गाडी आली म्हणून गावात पैसा येत नाही. गाडी दोन्हीकडे जाते. गालाची पोरं एडिनबराला कॉलेजला, नोकरीला जातात, घर गावातच ठेवतात, हा मोठाच फायदा, पूर्वी नोकरी लागली की गाव सुटायचं. शहरातले लोकही घर घ्यायला इकडे यायला लागले. पण तेच लोक शनिवारी खरेदीला पण एडिनबरालाच जातात, गालाच्या बाजारपेठेत बंद दुकानं आजही दिसतात, ते लपवण्यात अर्थ नाही. मग फरक कशाने पडतो, तर स्टेशनला लागून काय आहे आणि तिथे उतरायला कारण काय आहे याने.

मी तिकडे जातो तेव्हा बघतो, गालाचं स्टेशन म्हणजे एकच प्लॅटफॉर्म रे, ना छत ना ऑफिस धड. पण रस्ता ओलांडला की समोर बसस्टँडची काचेची इमारत, आत चहा-कॉफी, वर ऑफिसं, आणि बाहेर सेल्कर्क, हॉइक कडच्या बस लागलेल्या. हॉइकला अजून रेल्वे नाही, त्यांचे लोक इथे येऊन गाडी पकडतात, म्हणजे एका स्टेशनवर आजूबाजूची गावं पण जगतात. दिवसातला बराच वेळ अर्ध्या तासाला गाडी आहे, चुकली तरी कोणी वैतागत नाही.

दुसरं म्हणजे त्यांचा गोधडीसारखा भरतकामाचा प्रकल्प. स्कॉटलंडचा सगळा इतिहास 160 पॅनलवर सुईदोऱ्याने भरलाय, हजाराच्या आसपास लोकांनी मिळून. हे ठेवायला आधी ट्वीडबँक स्टेशनजवळ इमारत बांधायचं चाललं होतं, नंतर ठरवलं की नाही, गालाच्या भर बाजारात बांधायची, म्हणजे बघायला आलेला माणूस स्टेशनपासून दुकानांसमोरून चालत जाईल. 2021 ला ती सुरू झाली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. मधल्या स्टो नावाच्या छोट्या गावाने तर स्टेशनची जुनी पडीक इमारत दुरुस्त करून घेतली, तिथे आता खायची-प्यायची जागा चालते.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून शिकून टाळायची. पैसे वाचवायला बरीचशी लाईन एकेरी ठेवली, दुहेरी फक्त पंधरा किलोमीटर, नवे पूलसुद्धा एकाच रुळापुरते. एक गाडी लेट झाली की पाठोपाठ सगळ्या लेट, आणि आता वाढवायचं तर पूल पुन्हा बांधा.

आता आपलं. शकुंतला कापूस ओढायला टाकली होती, माणसांची सोय हा जोडधंदा होता, म्हणून मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटरला अर्धा दिवस गेला तरी कोणाला फरक पडत नव्हता. ब्रॉडगेज झाली आणि दिवसाला एकच गाडी अवेळी सोडली तर लोक एसटी सोडणार नाहीत, आणि दोन वर्षांनी तेच साहेब म्हणतील बघा, रिकामी धावते. म्हणून ‘ब्रॉडगेज द्या’ एवढंच मागू नका. सकाळी कॉलेज, कोर्ट, दवाखान्याच्या वेळेला अकोल्याला पोचेल अशी गाडी मागा आणि संध्याकाळी परत येणारी. अचलपूर स्टेशनच्या दारात परतवाड्याची आणि चिखलदऱ्याची एसटी मागा, पर्यटक मूर्तिजापूरलाच उतरून टॅक्सी करून निघून गेला तर आपल्या बाजाराला काय मिळणार बावा? दर्यापूर, अंजनगावच्या लोकांना पण सोबत घ्या, संत्री-केळीवाल्यांना पार्सलचा डबा मागायला सांगा. आणि पूल बांधताना दुसऱ्या रुळाची जागा सोडा हे आत्ताच लेखी मागून ठेवा.

मसुदा झाला की सह्यांच्या आधी मला व्हॉट्सॲपवर टाक. मूर्तिजापूरला मेन लाईनच्या कोणत्या गाड्या किती वाजता थांबतात त्याची यादी स्टेशनवरून लिहून आण, वेळेची मागणी त्यावरच मांडावी लागेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संज्या