हार्डली

वाई, १२ जानेवारी

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

काल तू ग्रुपवर टाकलंस, ‘आय हार्डली स्लीप दीज डेज’. आईने दोनदा वाचलं आणि खूश झाली. हार्ड म्हणजे घट्ट, म्हणजे डब्लिनच्या थंडीत पोरगं गाढ झोपतंय! माईआत्याला फोन करून सांगितलंसुद्धा. मी सत्तावीस वर्षं वर्गात हार्ड आणि हार्डलीतला फरक शिकवला, पण तिला काही बोललो नाही.

मला एवढंच विचारायचंय. तुला नुसतं ‘हार्डली’ म्हणायचं होतं की ‘हार्डली एव्हर’? ‘हार्डली एव्हर’ म्हणजे क्वचित. कितीदा, याचा हिशेब. नुसतं ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. मग रोज तास-दोन तास झोपतोस, की बहुतेक रात्री डोळ्याला डोळाच लागत नाही?

शब्द मात्र अचूक जागी घातलास, क्रियापदाच्या आधी. ‘नॉट’ही जोडलं नाहीस. आपली मुलं हटकून जोडतात. मराठीत ‘फारसा’ आला की मागून ‘नाही’ यावंच लागतं ना. इंग्रजीत तो नकार हार्डलीच्याच पोटात असतो. म्हणून परीक्षेत... बघ, सुरू झाली माझी शिकवणी. माफ कर.

आठवीत निबंधात तू लिहिलं होतंस, ‘माय फादर वर्क्स हार्डली’. मी ते भर वर्गात वाचून दाखवलं, बाप कामच करत नाही म्हणे! सगळे हसले, तूही हसलास. त्या रात्री उशिरापर्यंत तुझ्या खोलीतला दिवा चालू होता. मी पाहिलं, आत मात्र आलो नाही. खरं तर पूर्वी इंग्रजीत हार्डलीचा अर्थ ‘नेटाने, जोर लावून’ असाच होता. तू काही शतकं उशिरा लिहिलंस, इतकंच. अर्धा मार्क कापायला नको होता. आता त्याच इंग्रजीत तू तिकडच्या साहेबांना अहवाल लिहून देतोस, हे मी इथे चारचौघांना सांगत असतो.

आज सकाळी साडेआठला तुझ्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसलं. तिकडे पहाटेचे तीन. कॉफी जरा... असो, नाही सांगत.

आई विचारतेय, मेलमध्ये एवढं काय लिहिताय? म्हटलं, ग्रामर. संक्रांतीला फोनवर ती गाढ झोपेचं काही बोलली तर ‘हो’ म्हण. मला मात्र वेगळा मेसेज कर: हार्डली, की हार्डली एव्हर.

तुझा,
बाबा