क्लास म्हणजे स्वभाव नव्हे, पार्टीतली जागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कुठलीही मालिका गाजली की दोन दिवसांत तो नऊ चौकटींचा तक्ता फिरायला लागतो, वर सज्जन खाली दुर्जन, डावीकडे नियम पाळणारे उजवीकडे मनमानी करणारे, आणि प्रत्येक चौकटीत एकेक पात्राचा फोटो. आता आपल्या पुरवणीतही ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेवर, ज्यातली पोरं डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळतात, तसाच लेख आला. माईक म्हणजे लीडर, डस्टिन म्हणजे विनोदवीर, ल्युकस म्हणजे संशयी, झालं. मी बरीच वर्षं शनिवारी रात्री मित्रांसोबत हाच खेळ, एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायचा, खेळतो, त्यातही बहुतेकदा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच असतो (बाकी कुणाला तयारी करायला नको असते), म्हणून राहवलं नाही. हे विश्लेषण चुकीचं नाही पण ते खेळाचं नाही. ते राशिभविष्य आहे.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली आणला. तेव्हा त्यात क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, तीनच होते, लढणारा, जादूगार आणि क्लेरिक (श्रद्धेच्या बळावर जखमा बऱ्या करणारा), चोर पुढच्या वर्षी आला. आणि क्लासची खरी गंमत अशी की तो तुम्हाला काय जमतं यापेक्षा काय जमत नाही यावर उभा असतो. जुन्या नियमांत जादूगाराला चिलखत घालता येत नाही, क्लेरिकला धारदार शस्त्र चालत नाही, लढणाऱ्याला मंत्र नाहीत. म्हणजे एकट्याने तळघरात उतरलात तर मेलातच, दुसऱ्याची गरज लागणारच. त्यामुळे क्लास म्हणजे पार्टीतली, एकत्र खेळणाऱ्या टोळीतली, एक जागा. मालिका या नजरेने बघायची तर विचारायचं हे की कुठली जागा रिकामी पडलीय आणि तिथे कोण येऊन उभं राहतंय.

आता बघा. पहिल्याच भागात, नोव्हेंबर १९८३, हॉकिन्स गावात माईकच्या घराच्या तळघरात चार पोरं खेळतायत, समोर डेमोगॉर्गन हा खेळातला राक्षस. वीस बाजूंच्या फाशावर विलला १३ किंवा जास्त पडायला हवेत, ल्युकस ओरडतोय फायरबॉल टाक, डस्टिन म्हणतोय आधी संरक्षणाचा मंत्र. फासा घरंगळत टेबलाखाली जातो, पडतात ७. डंजन मास्टर असलेल्या माईकने ते पाहिलेलं नसतं, तरी घरी जाताना विल स्वतःहून सांगतो की सात पडले, मला त्याने पकडलं. आणि त्याच रात्री तो गायब होतो. दुसऱ्या सीझनमध्ये माईक गावात नव्याने आलेल्या मॅक्स या मुलीला पार्टीची यादी ऐकवतो, मी पॅलाडिन (धर्मयोद्धा), विल क्लेरिक, डस्टिन बार्ड (गायक), ल्युकस रेंजर (रानातला योद्धा), आणि एल, ती मनाच्या ताकदीने वस्तू हलवणारी मुलगी, जादूगार. (फायरबॉल हा त्या काळच्या नियमांत जादूगाराचा मंत्र, क्लेरिकचा नाहीच, त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात, सोडा.) म्हणजे पहिल्या अख्ख्या सीझनभर पार्टीत क्लेरिकच नाहीये! मग माईक आणि ल्युकस एकमेकांच्या अंगावर जाणारच, जखम बांधणारा माणूसच गायब आहे.

आणि त्या जागेवर येतं कोण? विलची आई, जॉयस. क्लेरिकचं भांडवल काय, श्रद्धा. ही बाई भिंतीवर एबीसीडी रंगवून ख्रिसमसच्या दिव्यांतून गायब पोराशी बोलत बसते, मग त्याचा (नकली) मृतदेह सापडतो, अंत्यसंस्कार होतात, सगळं गाव समजूत घालतं, तरी तो जिवंत आहे यावर ती ठाम. स्वभावाच्या तक्त्यात तिला भ्रमिष्ट म्हणून उजवीकडच्या कोपऱ्यात टाकतात. मला ती त्या सीझनमधली सगळ्यात पक्की क्लेरिक वाटते.

डस्टिनचंही तेच. बार्ड म्हणजे गाणारा, जोक मारणारा एवढंच धरतात. पण माईक-ल्युकसची मारामारी झाल्यावर माईकला पार्टीचा कायदा कोण ऐकवतो, पहिला वार तू केलास तर हात पुढे तूच करायचा? डस्टिन. बार्डचं काम पार्टी टिकवणं. उलट चौथ्या सीझनमधला एडी मन्सन गिटार घेऊन छपरावर चढतो म्हणून सगळे त्याला बार्ड म्हणतात, पण तो तिथे करतोय काय, तर राक्षसी वटवाघळांना स्वतःकडे ओढून घेतोय म्हणजे बाकीच्यांना आत शिरता यावं. हे टँकचं, म्हणजे सगळा मार स्वतःवर घेणाऱ्याचं, काम आहे हो! आणि एरवी ती जागा स्टीव्हची, ज्याला माईकच्या यादीत कुठला क्लासच नाही, कारण तो त्या टेबलावर कधी बसलाच नव्हता. तो फक्त खिळे ठोकलेली बॅट घेऊन पुढे होतो आणि मार खातो.

स्केटबोर्डवर सुसाट फिरणारी मॅक्स म्हणते मी तुमची झूमर (‘झूम’ करत पळणारी) होईन, माईक म्हणतो असं काही नसतंच. त्या भांडणाला लोक माईकचा उद्धटपणा म्हणतात, आहेच तो उद्धट, पण त्याला भीती ही आहे की नवीन माणूस आला तर एलची जागा गेली. पुढे ल्युकस बास्केटबॉलच्या मॅचला जातो तेव्हा त्याच्या खुर्चीत त्याची धाकटी बहीण एरिका बसते आणि सरळ २० टाकते, मला तर ल्युकसची तिथे दयाच आली.

(शेवटचा सीझन पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) विलमध्ये शक्ती येते तेव्हा माईक त्याला सॉर्सरर म्हणतो, कारण त्याची ताकद पुस्तकातून नाही, आतून आलीय. खेळात हा क्लास २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत आला आणि गोष्ट १९८७ची, पण मला चालतंय, दहा वर्षांची मैत्री झाल्यावर मित्राची जागा बदललेली मान्य करणं माईकला जड जातं का हे बघण्यात मजा होती.

आपल्याकडे हे जमलेलं मला आठवतं ते ‘दिल दोस्ती दुनियादारी’त, २०१५, झी मराठी. सहा जण एका फ्लॅटमध्ये. कैवल्य गाणं-बजावणं करतो म्हणून त्याला बार्ड म्हणाल तर फसाल, घर एकत्र ठेवायचं बार्डचं काम येडा वाटणारा आशूच जास्त करत होता. बाकी रोजच्या मराठी मालिकांबद्दल न बोललेलं बरं. तिथे नायिकाच स्वयंपाक करणार, आजारी सासऱ्यांना तीच वाचवणार, कंपनीतला घोटाळा तीच पकडणार आणि गुंडांनाही तीच चोपणार, आणि दिवाणखान्यात उभी असलेली दहा माणसं फक्त दचकणार. दहा जणांची पार्टी आणि फासे एकटीच्या हातात, मग नात्यांत काही घडणार कसं?

पुरवणीत जागा असेल तर सांगा, रॉबिन आणि नॅन्सीवर वेगळं लिहून पाठवतो, त्या दोघींवर तुमच्या लेखात एक ओळही नव्हती.

आपला,
एक डंजन मास्टर, डोंबिवली