कॅपॅसिटरला वायर लावतेस ना?

सोनू,

काल फोन मीच आपटला, तू नाही. आई म्हणते सकाळी परत कर, पण फोनवर मी परत ओरडणार हे तिलाही माहितीये आणि मलाही, म्हणून लिहितोय. आणि आधीच सांगतो, तुझ्या कॅन चिरडायच्या प्रयोगातल्या त्या चार्ज साठवणाऱ्या कॅपॅसिटरबद्दल काही बोलणार नाहीये.

व्हिडिओ मी सात वेळा बघितला. तीन वेढ्यांची कॉइल, मधे अॅल्युमिनियमचा कॅन, ठो आवाज आणि कॅन कमरेत आवळलेला! कॅनमध्ये उलटा करंट उभा राहतो आणि कॉइल त्याला आत ढकलते हे तू मागून सांगतेयस ते इतकं सरळ सांगितलंस की मी तो आमच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर टाकला, दिवसभर मिरवलो. मग आठव्यांदा बघताना शेवटाकडे लक्ष गेलं. तू कॅन उचलायला वाकलीस, कोपर टर्मिनलपासून जेमतेम वीतभर, आणि दोन्ही टर्मिनल जोडून ठेवणारी वायर नाही. उघडी.

तू म्हणालीस, बाबा डिस्चार्ज केलाय रे. केला असशील. पण डिस्चार्ज केला आणि संपला यात फरक आहे. 31 वर्षं सबस्टेशनमध्ये हेच केलं मी, कॅपॅसिटरची बँक, म्हणजे एकत्र जोडलेले कॅपॅसिटर, बंद केली की आधी पाच मिनिटं नुसतं थांबायचं, मग अर्थिंग रॉड, म्हणजे उरलेला चार्ज जमिनीत उतरवणारी काठी, आणि काम होईपर्यंत रॉड काढायचा नाही. बंडूकाकाला शॉक बसला तो बँकेवर नव्हताच, स्टोअरमधे पडलेल्या सुट्ट्या कॅपॅसिटरचा बसला, दोन दिवस कशालाच जोडलेला नव्हता. शॉर्ट करून ठेवलेला, कुणीतरी वायर काढून दुसरीकडे वापरली. आतल्या डायइलेक्ट्रिकमधे, म्हणजे प्लेटांमधल्या इन्सुलेशनमधे, मुरलेला चार्ज हळूहळू परत टर्मिनलवर येतो, कागद-तेलाच्या जुन्या मालात तर जास्तच. तुझ्या 4,500 व्होल्टचे पाच टक्के धर, 225 व्होल्ट झाले, आणि तू समजतेयस शून्य. काका अजून शर्टाची बटणं डाव्या हातानं लावतो, तुला वाटायचं डावखुरा आहे.

बघ, सुरू झालं माझं.

खरं सांगू का, तो कॅपॅसिटर भंगारातल्या डिफिब्रिलेटरमधला, हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनमधला, आहे म्हणालीस तिथेच माझं डोकं फिरलं. 32 मायक्रोफॅरड, 4,500 व्होल्ट, अर्धा सी व्ही वर्ग, मी कॅलेंडरच्या मागे मांडून बघितलं, 324 ज्यूल. आजोबांच्या वेळी मी दारात उभा होतो. पहिला शॉक 200 ज्यूलचा दिला, मग वाढवला. ते मशीन हृदय चालू करत नाही गं, सिनेमात दाखवतात तसं. वेडीवाकडी थरथर एकदम थांबवतं, मग हृदय आपला ताल आपण पकडतं, पकडलं तर. डॉक्टर ओरडले सगळे बाजूला व्हा, आणि सगळे बाजूला झाले, पलंगाला कुणाचं बोटसुद्धा लागू दिलं नाही. तेवढीच पॉवर (एनर्जी म्हण, चूक काढशील) तुझ्या टेबलावर आहे, आणि तिथे बाजूला व्हा म्हणायला कोणी नाही. चांगल्या चाललेल्या हृदयाचा ताल तेवढ्यानं बिघडतो.

याला जबाबदार मीच. सहावीत तुला लेडन जार, म्हणजे जुन्या काळचा कॅपॅसिटर, मीच करून दिली, बरणीला आतून बाहेरून फॉइल, झाकणातून खिळा. आणि वर 1746 मधली त्या फ्रेंच शास्त्रज्ञ नोलेची गोष्ट, राजासमोर 180 शिपायांना हात धरून उभं केलं, जारचा शॉक दिला आणि सगळे एकदम उडाले. दुसऱ्या दिवशी तू सगळ्या भावंडांना अंगणात हात धरायला लावलेस, चिंट्या रडला, आत्या माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मी मात्र मनातून खूश होतो. आईला आजवर सांगितलेलं नाही.

तर आता ऐक, लेक्चर नाहीये. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नकोस, हजारो अँपियर जातात, टोक वितळून डोळ्यात उडतं आणि कॅपॅसिटरचंही आयुष्य जातं. आधी रेझिस्टरमधून, 10 किलोओहम घेतलास तर दोनेक सेकंदात उतरतो, पण तो चिमुकला पाव वॅटचा नको, तो फुटेल, जाड वायरवाउंड सिरीजमधे लाव. मग सरळ शॉर्ट. साधं मीटर हजार व्होल्टपर्यंतचं असतं, 4,500 ला लावून बघू नकोस, हाय व्होल्टेज प्रोब लागतो. ब्लीडर, म्हणजे चार्ज आपोआप हळूहळू उतरवणारा रेझिस्टर, कायमचा लाव, आणि दोन लाव, एक आतून तुटला तर कळतसुद्धा नाही. 10 मेगाओहमचा असेल तर अर्धा तास लागतो हे लक्षात ठेव, त्या अर्ध्या तासात तुला भूक लागते, फोन येतो, आणि मग वाटतं झालं असेल. एक हात पाठीमागे. चार्ज करताना खोलीत दुसरं कोणीतरी, जिला मेन स्विच कुठेय ते माहितीये.

झालं लेक्चर. सॉरी. तुला यातलं निम्मं माझ्यापेक्षा जास्त येतं, स्पार्क गॅप तू ज्या सफाईनं बसवलायस तसा मला जमला नसता. सोड म्हणत नाही. काल म्हणालो, ते रागात.

माळ्यावरच्या पेटीतून माझी फायबरची अर्थिंगची काठी काढलीये, हूक घासून साफ केला, तांब्याची वेणी नवीन लावली. कुरियर करतोय. थोडी लांब आहे तुझ्या खोलीला, पण कापू नकोस, लांबीसाठीच आहे ती.

रागावली असशील तर उत्तर देऊ नकोस, चालेल. फक्त टर्मिनलवर वायर लावून एक फोटो पाठव. आज रात्रीच.

बाबा

ता.क. चिंट्याला तो कॅन हवाय म्हणे, टेबलावर ठेवायला.