दुष्काळ सोडून काहीतरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सरत्या वर्षाच्या निमित्ताने लेखक मंडळींना तीन प्रश्न विचारले होते : वर्षभरात काय आवडलं, सध्या काय लिहिताय आणि घरच्या धबडग्यात लिहायला सवड कशी काढता. उत्तरं पानभर आली होती आणि वाचायला मजा आली, खोटं कशाला बोलू? मराठवाड्यातल्या ज्या एकाच लेखकाला त्या पानावर जागा मिळाली, त्याला मात्र चौथाच प्रश्न : दुष्काळाचा तुमच्या लेखनावर काय परिणाम झाला? त्या भल्या माणसाने निमूट उत्तर दिलं. मला कुणी काही विचारलेलं नाही, तेव्हा मी पहिले तीन प्रश्न उचलते.

हे इतकं मनाला लागायचं कारण आहे. २०२५च्या सप्टेंबरात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ऐन वेळी पानं रिकामी राहिली असावीत. “ताई, दुष्काळावरची एखादी ताजी कथा आहे का?” इकडे मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेले, सोयाबीन पाण्याखाली आणि आमच्या दुकानातून उधारीवर गेलेलं खत-बियाणंही त्याच पाण्याखाली. मी म्हटलं, “सध्या पूर आहे.” ते म्हणाले, “पुरावरची कोल्हापूरकडून आलीय.”

तर आवड. यंदा सगळ्यात वर आमच्या गावचे संतकवी दासोपंत यांची पासोडी. ती चारशे वर्षं जुनी आहे हे मला माहीत आहे, पण आवडीची वस्तू नवीच असावी अशी अट पुरवणीने घातलेली नव्हती. आम्हा अंबाजोगाईकरांना तिचं कौतुक पाहुण्यांना सांगण्यापुरतंच असतं. जवळ जाऊन पाहिलं तर सुमारे ४० फूट लांबीचं कापड, त्यावर हाताने लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडली याचं वेदान्तातलं विवेचन, आणि मध्ये आकृत्या. कापड विरलंय तिथे ओळ तुटते, आणि डोळा आपोआप पुढच्या अक्षरावर उडी मारतो. मी मजकूर कमी आणि हात जास्त पाहिला. कापडावर खोडता येत नाही. वाक्य मनात पुरतं झाल्याशिवाय बोरू टेकवायचीच सोय नाही! पंतांच्या ‘गीतार्णव’ या गीतेवरच्या टीकेच्या सव्वा लाख ओव्या सांगतात, आणि त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आमच्याकडे आख्यायिका आहे. माझा ढब्बू बहुतेक दिवशी शिल्लकच राहतो.

दुसरं म्हणजे परभणीचे बी. रघुनाथ पुन्हा काढून वाचले. निजामाच्या बांधकाम खात्यातली कारकुनी, दिवसभर उर्दूतलं दफ्तर आणि लिहायचं मराठीत. १९१३चा जन्म, १९५३ला गेले, म्हणजे उणीपुरी चाळीस वर्षं. त्यांच्या कथांत निजामी राजवटीतला मध्यमवर्ग आहे, त्याची मिजास आणि त्याचा भित्रेपणा दोन्ही. मराठवाड्याला नुसता शेतीचा तुकडा समजणाऱ्यांनी आधी हे वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात गाणं ऐकलं, कविसंमेलनात थोडी डुलकी काढली. बाकी मुलाच्या मोबाईलवर आपल्या बोलीतले विनोदी व्हिडिओ बघते. त्यात अचकट-विचकट बरंच असतं, तरी संवाद कुठे तोडायचा हे त्या पोरांना काही नावाजलेल्या कादंबरीकारांपेक्षा बरं कळतं.

आता लेखन. मी एक विनोदी कादंबरी लिहितेय. मंगल कार्यालयाचं बुकिंग सांभाळणारी एक बाई, आणि तिच्या वहीत एकाच तिथीला पडलेली दोन लग्नं. एक वऱ्हाड परळीचं, दुसरं रेणापूरचं. साहित्य गोळा करायला मी ओळखीच्या एका कार्यालयाच्या भटारखान्यात जाऊन बसायचे. तिथल्या आचाऱ्याने सांगितलं, “पंगतीचा अंदाज पत्रिकेवरून नसतो बाई, दारातल्या चपलांवरून असतो. लहान मुलांच्या जास्त दिसल्या की मठ्ठा कमी, जिलेबी जास्त.” या एका वाक्यावर आख्खं प्रकरण नव्याने लिहून काढलं.

यात मराठवाडा कुठंय, असं एका मैत्रिणीने विचारलं. अगं, आख्खा आहे की! २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच उन्हाळ्यात इकडे लग्नंही लागत होती, टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावरून व्याही रुसत होते, आणि करवल्या तरी नटतच होत्या. माझ्या कादंबरीतल्या नवरीच्या बापाच्या खिशात सोसायटीच्या थकलेल्या कर्जाची नोटीस आहे. दिवसभर तो ती कुणाला दाखवत नाही, म्हणून मीही वाचकाला दाखवत नाही. खिशाकडे हात तेवढा दोनदा जातो. दुष्काळावरची कथा हवी असणाऱ्यांना हे पुरेल का, कोण जाणे.

घरचं म्हणाल तर आमच्या ह्यांचं खत-बियाण्याचं दुकान, त्याचा हिशेब आणि जीएसटी माझ्याकडे. लेखनाची खोली वगैरे काही नाही. नळाला पाणी रात्री येतं, तेव्हा मोटार लावून मी स्वयंपाकघरात वही उघडते. टाकी भरली की उठायचं, त्यामुळे माझी प्रकरणं टाकीच्या मापाची होतात. वेळअमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या रब्बीच्या पिकांच्या सणाला, सगळे शेतात गेलो. भज्जी, आंबील, उंडे, मग कडब्याच्या कोपीच्या सावलीत झोप. त्या दिवशी एक अक्षर लिहिलं नाही आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

माझी पहिली श्रोती म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, उशाशी रेडिओ. रेडिओ बंद करून त्या प्रकरण ऐकतात. मी आठव्या प्रकरणात अडले होते. दोन्ही वऱ्हाडं दारात, भांडण जोरात, सगळं जमलेलं आणि तरी पान निर्जीव. आत्याबाई म्हणाल्या, “त्या दुसऱ्या नवरीला साडी नेसवाया कुनी हाय का न्हाई? तुमचं भांडण चाललंय, अन् लेकरू एकलंच बसवलंस तू खोलीत.” खरंच की, मी तिला वरच्या खोलीत ठेवून विसरले होते! आता तिथे एक मावशी नेऊन बसवली आहे, तोंडात पिना धरून निऱ्या घालणारी. पिनांमुळे तिला बोलता येत नाही आणि खालचं सगळं ऐकू मात्र येतं. प्रकरण चालायला लागलं.

तर पुढच्या वेळी आमच्यापैकी कुणाला विचाराल तेव्हा हेच तीन प्रश्न विचारा. मराठवाडा साहित्य परिषदेकडे चौकशी केलीत तर कथाकारांची नावं भरपूर मिळतील. मलाही चालेल, फक्त फोन जूनमध्ये करू नका. पेरणीच्या दिवसांत गल्ल्यावर मीच असते.

— एक कथालेखिका, अंबाजोगाई