सूचना : मॉडेल रेल्वेतील जुन्या वाघिणींच्या (मालडब्यांच्या) छापील बाजू बदलण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी नेहमीच्या जागी जुन्या मॉडेल वाघिणींच्या छापील कार्डच्या बाजू बदलण्याचे काम करावयाचे असल्याने प्रत्येकाने आपली एक वाघीण, स्टीलची पट्टी आणि नव्या पात्यांचा कटर सोबत आणावा.

बाजूंचे चित्र आयव्हरी कार्डवर छापून घेताना दुकानदारास 'पानाच्या मापात बसवू नका, 100 टक्के मापात छापा' असे आवर्जून सांगावे व कागदावर आखलेली 50 मिलिमीटरची रेघ तिथेच पट्टीने मोजून घ्यावी. मागील खेपेस माझ्याच दोन बाजू तीन मिलिमीटर आखूड निघाल्या आणि वाघिणीचे लाकडी कोपरे उघडे पडले. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, म्हणून कापण्यापूर्वी मॅट वार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. कापल्यानंतर दिसणारी पांढरी कड त्याच रंगाच्या स्केचपेनने रंगवावी. एवढ्याने वाघीण कागदी वाटत नाही. पांढऱ्या गोंदाने कार्ड वाकते आणि नागपूरच्या पावसाळ्यात तर हमखास फुगते, त्यामुळे रबर सोल्युशनच वापरावे.

ज्यांना मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयातील 762 मिलिमीटर गेजच्या (दोन रुळांमधील अंतराच्या) गाड्यांप्रमाणे डबे करावयाचे आहेत, त्यांनी 1:87 प्रमाणात 9 मिलिमीटर गेजची चाके घ्यावीत. जुनी चाके व कपलिंग (डबे जोडण्याचे आकडे) फेकू नयेत.

– चिटणीस