आजीच्या बोटालाही उघडेल असं कुलूप

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, नव्या घराला बोटाचं लॉक लावतोय, दोन मॉडेलचे फोटो पाठवलेत, कुठलं घेऊ ते सांग." फोटो पाहिले. पण ही गोष्ट फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखी नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसले. आपल्या दाराला हे लॉक लागून तीन वर्षं झाली. तेवढ्यात जे अनुभवानं कळलं ते तुला आधीच ठाऊक असावं असं वाटतं. पुढच्या महिन्यात आजी तुझ्याकडे राहायला येतेय. तुम्ही दोघं दिवसभर कामावर असणार. दार तिलाच उघडायचं आहे.

एक प्रसंग तुला कधी सांगितला नव्हता. लॉक लावून आठवडा झाला असेल. आजी खाली फेरी मारायला गेली होती आणि मी बाथरूममध्ये होते. वर येऊन तिनं अंगठा लावला, लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. पाच वेळा चुकलं की आपलं लॉक काही मिनिटं कुणाचंच ऐकत नाही. कुणी परक्यानं प्रयत्न करत राहू नये म्हणून ती सोय असते. नळाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा आजी जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि अंगठा पदराला पुसत होती. म्हणाली, "माझं बोट झिजलंय गं. त्याला मी ओळखूच येत नाही."

मला फार लागलं ते. तुला माहीत आहे, आजी चाळिशीनंतर सही करायला शिकली. कागदावर अंगठा उठवायला लागू नये, कुणी अंगठाबहाद्दर म्हणू नये, म्हणून रात्री पाटीवर स्वतःचं नाव गिरवायची. आणि आता स्वतःच्याच दाराशी अंगठ्यावरून तिचं अडलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की हे यंत्र नीट समजून घ्यायचंच.

ते असं चालतं. आपल्या बोटावर बारीक उंचवटे आणि खाचा असतात. जन्माआधीच त्या पक्क्या होतात आणि जुळ्या भावंडांच्याही एकसारख्या नसतात. हल्लीच्या बहुतेक चांगल्या लॉकमधल्या सेन्सरवर अतिशय बारीक विद्युत ठिपक्यांची जाळी असते. उंचवटा काचेला टेकतो, खाचेत हवा राहते, आणि त्या फरकावरून लॉकला रेषांचा नकाशा मिळतो. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, एवढ्याच खुणा ते जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी ताडून बघतं. हात ओला असला की पाणी खाचांत भरतं आणि सगळं सपाट दिसतं. कातडी फार कोरडी असली तर उंचवटे नीट टेकत नाहीत. म्हातारपणी दोन्ही होतं, कातडी कोरडी पडते आणि रेषाही चपट्या होतात. जन्मभर भांडी घासलेल्या, धुणी धुतलेल्या हातांचं तर विचारूच नकोस. त्यात आजीचा काही दोष नाही, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं.

दोष आमच्या घाईचा होता. लॉक बसवणाऱ्यानं तिचं बोट एकदा सरळ दाबून घेतलं आणि पुढच्याकडे वळला. मी नंतर तिला निवांत दाराशी बसवलं. हात धुऊन पुसले, तळव्याला क्रीम चोळलं, ते मुरेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्पा मारल्या. मग प्रत्येक बोट दिव्याच्या उजेडात न्याहाळलं. अंगठा खरंच गुळगुळीत झालाय, पण डाव्या हाताच्या अनामिकेवर रेषा ठसठशीत आहेत. तेच बोट नोंदवलं. दर वेळी थोडं वेगळं टेकवायला सांगितलं, एकदा टोक, एकदा डावी कड, एकदा उजवी, एकदा सपाट. शिवाय तेच बोट दुसऱ्या नंबरावर पुन्हा एकदा नोंदवलं. तेव्हापासून दहातल्या नऊ वेळा दार पहिल्या स्पर्शाला उघडतं. तूही तिचं असंच कर. कुठलं बोट चालतंय ते आधी शोध. घरातल्या प्रत्येकाची निदान दोन बोटं, दोन हातांची, नोंदवून ठेव. एखाद्या दिवशी कापतं, भाजतं, पट्टी लागते.

उरलेल्या दहाव्या वेळी पुन्हा टेकवूनही उघडलं नाहीच, तर किल्ली. तू पाठवलेल्या पहिल्या फोटोतलं काळ्या काचेचं लॉक म्हणूनच मला नको वाटतं. त्याला किल्लीचं भोकच नाही. वर आकडे काचेखाली दडलेले, तळवा टेकवला की मगच उजळणार. आजीच्या डोळ्यांना ते जमायचं नाही. दुसऱ्यात हँडलवर अंगठा पडतो तिथेच सेन्सर आहे, आकड्यांची बटणं हाताला लागतात आणि खालच्या झाकणाआड किल्लीची जागा आहे. तेच घे. आपल्या आजीची किल्ली काळ्या गोफात ओवून तिच्या गळ्यात असते. सहा महिन्यांत एखाद्या वेळीच लागते, पण ती आहे म्हणून आजी निर्धास्तपणे फिरायला जाते. महिन्यातून एकदा किल्लीनंच दार उघडून बघ, न वापरलेलं कुलूप आतून जाम होतं.

आता बॅटरीचं. यात आम्ही चांगलेच फसलो आहोत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या लॉकमध्ये पेन्सिल सेल लागतात, चार. सेल उतरायला लागले की ते दार उघडताना वेगळा सूर काढतं. आठ-दहा दिवस तो सूर आम्ही रोज ऐकला आणि 'उद्या बदलू' म्हणत राहिलो. एका रात्री लग्नाहून परत आलो तर दिवासुद्धा लागेना. आणि किल्ल्या? आतल्या कपाटात, एका डबीत, जपून ठेवलेल्या. आजी तुझ्या आत्याकडे होती, म्हणजे तिच्या गळ्यातलीही हाताशी नाही. शेवटी शेजारच्या मुलानं पॉवर बँक आणली. लॉकच्या खालच्या कडेला चार्जरची एक बारीक खोबण असते, तिथे वायर जोडल्यावर लॉक जागं झालं आणि मग बोट लावून आत गेलो. काही लॉकना खोबणीऐवजी खाली दोन धातूचे ठिपके असतात, तिथे चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून धरायची. यानं आतले सेल भरत नाहीत हं, तेवढ्यापुरतं यंत्र चालतं. तुझ्या लॉकला यातलं काय आहे ते घेण्याआधी बघ आणि घरातल्या सगळ्यांना एकदा करून दाखव.

बाबांनी मग काटकसर म्हणून चार्ज करायचे सेल घातले होते. ते टिकेनात. कारण नंतर कळलं. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, चार्जिंगचा नेहमीचा सेल 1.2 चा. चार मिळून सहाच्या जागी 4.8 व्होल्ट. नवे घातले तरी लॉकला ते अर्धे उतरल्यासारखे वाटतात. तेव्हा चांगले अल्कलाइन सेल घाल, चारही एकदम बदल, जुन्यात नवा मिसळू नकोस.

सेल लवकर संपतात त्याचं आणखी एक कारण दारात असतं. आपलं दार दमट हवेत फुगतं आणि कुलपाची जीभ चौकटीच्या पट्टीला घासते. मोटरला जोर लावावा लागतो, मग ती सेल खाते. तुझ्या दाराची परीक्षा सोपी आहे. आत्ताचं कुलूप लावताना दार खेचून किंवा खांद्यानं दाबून धरावं लागतं का? लागत असेल तर आधी सुताराला बोलावून बिजागऱ्या आणि चौकटीवरची पट्टी नीट करून घे, मग लॉक. दाराची जाडी, कडेपासून हँडलपर्यंतचं अंतर आणि दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, हे मोजून कागदावर लिहून ने. बाहेर जाळीचं दार असेल तर दोन्ही दारांमधली जागाही मोज, नाहीतर हँडल जाळीला अडतं.

सूनबाई विचारत होती, हे सुरक्षित आहे का, खोट्या बोटानं उघडतं म्हणे. खोटं नाही ते. 2002 साली जपानमध्ये योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या मात्सुमोतो नावाच्या संशोधकांनी जिलेटिनची बोटं बनवून त्या काळच्या अनेक सेन्सरना फसवलं होतं. पण घरफोडी करणारा माणूस एवढ्या खटपटीत पडत नाही. तो पहारीनं चौकट उचकटतो, नाहीतर खिडकी बघतो. म्हणून माझं म्हणणं असं की लॉकवर जास्तीचा खर्च करण्यापेक्षा चौकट भक्कम कर आणि पट्टीचे स्क्रू लांब, आत खोलवर जाणारे घाल. आणि जे लॉक बोटाच्या खुणा स्वतःच्या पोटातच ठेवतं, बाहेर कुठे पाठवत नाही, असंच घे. दार उघडायचा गुप्त आकडा फुटला तर बदलता येतो. बोटं माणसाला दहाच असतात.

बसवून झाल्यावर त्याच दिवशी दोन कामं कर, दुसऱ्या दिवशी नाही. कारखान्यातून आलेला मुख्य आकडा बदल. आणि बसवणाऱ्यानं चाचणीसाठी स्वतःचं बोट घातलं असेल ते काढ. आपल्याकडे ते तसंच राहिलं होतं. दोन महिन्यांनी नोंदलेली बोटं मोजली तेव्हा एक जास्त निघालं. माणूस सज्जन होता, काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळं पुसून पहिल्यापासून नोंदवावं लागलं, कारण कुठला नंबर कुणाचा हे आम्ही लिहूनच ठेवलं नव्हतं. आता माझ्या वहीत पान आहे, 1 आणि 2 बाबा, 3 आणि 4 मी, 5 आणि 6 आजी. नुसत्या बटणांच्या लॉकमध्ये एकाचंच बोट काढायचं तर नंबर ठाऊक असावा लागतो. तूही वही कर, आणि ती दाराजवळच्या खणात ठेवू नकोस.

कामाला येणाऱ्या मावशींचं बोट घेऊ नकोस, त्यांना वेगळा आकडा दे. काम सुटलं तर तेवढाच आकडा काढता येतो आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होत नाही. आकडा दाबताना कुणी मागे उभं असेल तर पुढेमागे दोन-चार भलते आकडे दाबायचे. पुष्कळ लॉकमध्ये खरा आकडा सलग आला की दार उघडतं. दुसऱ्या फोटोतल्यात ती सोय आहे का, विचार.

आणि आता मोबाईलची गोष्ट, जी मला तुला खरं तर समोर बसवून सांगायची होती. दार उघडलं की फोनवर कळतं, कुणाचं बोट, किती वाजता. बाबा पहिले काही दिवस ऑफिसातून बघायचे. संध्याकाळी आल्यावर म्हणायचे, "आई आज साडेचारला गेली आणि सहाला आली, एवढा वेळ कुठे होती?" काळजीनंच म्हणायचे. पण आजीनं हळूहळू फिरायला जाणं कमी केलं. मी ते निरोप येणं बंद करायला लावलं. तू सूनबाईच्या येण्याजाण्याच्या वेळा फोनवर बघू नकोस. ती बघायची गोष्टच नाही. घरी पोचलीस का, हे तोंडानं विचारावं. आजी तुझ्याकडे असताना दुपारी तिला फोन कर, जेवलीस का, फिरून आलीस का म्हणून. लॉकला विचारू नकोस.

दार आपोआप बंद होण्याची वेळ थोडी वाढवून ठेव. आपलं पाच सेकंदांवर होतं. भांडी घासताना मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेले, वाऱ्यानं दार लागलं. हात ओले, बोटं सुरकुतलेली, आत गॅस चालू. आकडा पाठ होता म्हणून निभावलं. आजीलाही आकडा पाठ करून दे. तिच्या सवयीचा, पण जन्मतारीख नको.

आतून मात्र दार उघडायला बोट, आकडा, वीज काहीच लागता कामा नये. नुसतं हँडल खाली केलं की उघडलं पाहिजे, सेल काढून ठेवले तरीही. आग लागली, धूर झाला तर कुणाला काही सुचत नाही. दुकानात हे स्वतःच्या हातानं करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. छकुली दोन वर्षांची आहे, तिचा हात पोचतो म्हणून हँडलला आतून वेगळा खटका असतो, तो कसा चालतो तेही विचार. तिचं बोट इतक्यात नोंदवू नकोस. रेषा त्याच राहतात, पण बोट वाढतं आणि सारखं पुन्हा नोंदवावं लागतं.

लॉक शक्यतो आजी यायच्या आधी बसवून घे. तिचं बोट मात्र मी आल्यावरच नोंदवू. तिला सोडायला मी येतेच आहे, दोन दिवस राहीन.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या घराची एक किल्ली जवळच राहणाऱ्या कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेव. आणि आजीच्या गळ्यातल्या गोफात दुसरी किल्ली मावते, मी ओवून बघितली.