फेकायच्या पुडीला कणीक लावणाऱ्या काकांना

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

आळंदीत कार्तिकी वारीची गर्दी ऐन भरात होती, म्हणून तुम्हाला कार्यक्रमाला येता आलं नाही. दुकानापुढे दुरुस्तीच्या पखवाजांची रांग लागलेली असताना सगळं टाकून या, असं मी म्हणूच शकत नव्हते. त्या संध्याकाळच्या पत्रिकेवर माझं नाव होतं, वादकांची होती, दिवे लावणाऱ्या मुलाचंही होतं. ‘माझं नाव कुठं टाकायचं नाही’ असं तुम्ही बजावलं होतं, ते मी पाळलं. इथेही पाळते. पण आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आमच्या आबांचं सगळं आयुष्य गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवण्यात गेलं. काकड्याला, हरिपाठाला, सप्त्याला. आणि गावात कोणी गेलं की अंत्ययात्रेपुढेही. टाळ-मृदंगाच्या गजरात माणूस पोचवायचा ही आमच्याकडची रीत. ज्याच्याशी बांधावरून वर्षानुवर्षं अबोला होता, त्याच्याही तिरडीपुढे आबा पखवाज गळ्यात अडकवून चालले होते. २०२० साली पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा त्यांनी ओसरीवरच बसून आषाढी केली. पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, ते गेले. आम्हाला फाटकाबाहेर उभं केलं होतं. गाडी आत गेली, गाडी बाहेर आली. ज्यांनी अख्खं गाव वाजवत पोचवलं, त्यांच्यापुढे एक टाळसुद्धा वाजला नाही. हे मला अजून पचलेलं नाही. मी तालवाद्यांसाठी रचना लिहिते. हे देणं कुठे फेडायचं, ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

पाच वादकांची रचना मनात होती. पखवाज, संबळ, दोन दिमड्या आणि धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन. पखवाज मात्र आबांचाच हवा होता, माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेला. तो घेऊन मी आधी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने लाकडी खोडाचा तडा लांबूनच पाहिला आणि नव्या पखवाजांचे भाव सांगायला लागला. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवा, शोभेल. एका संस्थेने आधी उत्साहाने होकार दिला होता. विषय कळल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, हे फार घरगुती आहे, श्रद्धांजलीच वाहायची तर एखादा अभंगाचा कार्यक्रम करा ना. त्यानंतर माझ्या फोनला उत्तर नाही. या सगळ्यांचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. त्यांच्यापैकी कोणी वाईट बोललं असं नाही. पण पखवाजाला हात लावून पाहावा, एवढंही कोणाला वाटलं नाही.

तुम्ही आधी हातच लावलात. तो मांडीवर आडवा घेतलात, तड्यावरून अंगठा फिरवलात, चामड्याच्या पुडीवरच्या काळ्या शाईवर टिचकी मारलीत. ‘शिसव आहे. खोड वाचंल. पुड्या दोन्ही गेल्यात, वाद्याही कुजल्यात, सगळं उतरवावं लागंल.’ मी हो म्हटलं. तुम्ही पुड्या ताणून धरणाऱ्या वाद्या कापायला सुरी उचललीत आणि परत खाली ठेवलीत.

‘एकदा वाजवून घे बाळ. पुडी उतरली की हा आवाज पुन्हा नाही.’

मी म्हटलं, धुम्याला, डाव्या पुडीला, खर्जासाठी लावायची कणीक नाही, काय बोलणार तो. तुम्ही आतल्या दाराकडे तोंड करून काकूंना हाक मारलीत. त्या पोळ्या करत होत्या. परातीतल्या कणकेचा गोळा त्यांनी तोडून दिला. तुम्ही तो पाण्याचा हात लावून मऊ केलात आणि धुम्याच्या मधोमध थापलात. कडेने बोट फिरवून गोल नीट केलात, थाप मारून ऐकलंत, चिमूटभर कणीक काढलीत, पुन्हा ऐकलंत. वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून उजवी बाजू जमेल तेवढी सुरात आणलीत. जी पुडी थोड्या वेळात तुम्हीच कापून टाकणार होतात, तिला तुम्ही मैफलीच्या पखवाजासारखं लावलंत. दारात एक मृदंग शिकणारा मुलगा घाईला आला होता. ‘माऊली, जरा दम धर,’ एवढंच त्याला म्हणालात. मग उठून पंखा बंद केलात, मोबाइलवर आवाज स्वच्छ यावा म्हणून.

मी चौताल धरायला गेले आणि हात आपोआप भजनी ठेक्यावर आला. आठ मात्रा, आबांच्या. शाई उडालेली होती, उजव्या बाजूला खरखर होती, आणि धुमा असा घुमला की मला दुसरं आवर्तन पुरं करता आलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. मी पुन्हा सुरू करेपर्यंत बसून राहिलात. माझं झाल्यावर कणीक स्वतः खरवडून काढलीत आणि मग वाद्या कापल्यात.

काका, माझी अख्खी रचना त्या गोळ्यातून निघाली. पहिल्या अर्ध्या भागात पखवाजाच्या धुम्याला कणीक नाही. वादक फक्त उजवी बाजू वाजवतो, बाकीचे ठेका चालवतात, आणि जिथे खर्ज पडायला हवा तिथे सगळे जागा रिकामी सोडतात. व्हायब्राफोनच्या पट्ट्यांवर व्हायोलिनचा गज ओढून एक लांब सूर चालू राहतो. मग तोही थांबतो. वादक शेजारच्या ताटलीतून कणीक घेतो, भिजवतो, लोकांसमोर धुम्यावर लावतो. त्या जागी रचनेच्या लिपीत मी बोल लिहिलेले नाहीत. ‘कणीक लावा, घाई करू नका,’ इतकंच लिहिलंय. त्यानंतर पहिला ‘धा’ पडतो.

सभागृहात मागच्या रांगेत आमच्या गावचे टाळकरी बसले होते. संबळ-दिमडी त्यांच्या ओळखीची, व्हायब्राफोन त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. कणीक बाहेर आली तसे ते सगळे पुढे सरकून बसले. धुमा बोलल्यावर एकाने मांडीवर ठेका धरला, मग बाकीच्यांनी. आई त्यांच्याकडे बघत होती. आबांना त्या दिवशी आम्ही पोचवलं, असं मला वाटतं.

टाळ्या वादकाला मिळतात, रचनाकाराला मिळतात. चामडं ताणणारा, लोखंडाच्या भुकटीची शाई थरावर थर घोटून चढवणारा माणूस पत्रिकेत कुठेच नसतो, आणि दुसऱ्याच्या वस्तूला आपली समजून हात लावणारी माणसं बहुधा तिथेच, अशा बोळांतल्या दुकानांत बसलेली असतात. तुम्ही माझ्याकडून पुडीचे आणि वाद्यांचे पैसे घेतलेत. तडा भरल्याचे नाही घेतलेत, त्यावर वाद घालू दिला नाहीत.

पावसानंतर वाद्या सैल पडल्या आहेत, उजवी बाजू चढत नाही. यात्रेची गर्दी ओसरली की पखवाज घेऊन येते. आधी फोन करीन. मजुरी या वेळी पूर्ण घ्यायची आहे, आणि कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आणते ते काकूंनाही बसवून ऐकवायचं आहे, कणीक त्यांची होती.

तुमची,
आबांची नात